उजव्या गुडघ्याच्या दोन दांड्या

श्रीगजाननाला आणि वाग्देवीला वंदन करतो. ज्याच्या देवळात माझा धाकटा भाऊ सोळा वर्षे दर सोमवारी वाद्य घेऊन बसला, त्या भोळ्या शंकराच्या पायांवर मस्तक ठेवतो आणि लिहावयास बसतो. निमित्त असे की, परवा लातूरला त्याचे वर्षश्राद्ध झाले. ब्राह्मण जेवून गेले, पाने उचलली गेली, आणि माझी भावजय, म्हणजे त्याची पत्नी, बाहेरच्या खोलीत येऊन मला म्हणाली, "भावजी, ते दांड्यांचं तुम्ही एकदा लिहून ठेवा. मला सांगता येतं, लिहिता येत न्हाई." तिची अनुज्ञा आहे म्हणूनच हे लिहितो. यात माझ्या हातून घडलेली एक चूक आहे. ती मी झाकणार नाही.

मी नांदेडचा. बालपणी गोदावरीकाठच्या पाठशाळेत संथा घेतली आणि पुढे हयातभर शाळेत संस्कृत शिकवले. भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याचे मन पोथीत रमले नाही; ते लोखंडात रमले. लातूरच्या एका तंत्रशाळेत तो मुलांना लेथ चालवावयास शिकवी. तरुणपणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात तो मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार वाजवीत असे. वडिलांना ते आवडत नसे आणि मलाही फारसे आवडत नसे. पुढे त्याने कुठे तरी पेडल स्टील गिटारचे चित्र पाहिले आणि बाजा-पेटी दुरुस्त करणाऱ्या लातूरच्या एका मिस्त्रींना हाताशी धरून, दोन वर्षे खपून, तसले वाद्य स्वतःच घडवले.

ज्यांनी हे वाद्य पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ते दिसावयास चार पायांच्या अरुंद मेजासारखे असते. वर दहा तारा ताणलेल्या. वादक त्यापुढे खुर्चीवर बसतो, उजव्या हाताने तारा छेडतो आणि डाव्या हातातला पोलादाचा गोल तुकडा तारांवरून सरकवतो. खरी करामत मेजाखाली आहे. पावलांखाली पेडल असतात आणि गुडघ्यांच्या आजूबाजूला लोंबत्या दांड्या. गुडघ्याने एखादी दांडी ढकलली की आतली सळई ओढली जाते आणि ठरावीक तारेचाच स्वर अर्ध्या पायरीने चढतो किंवा उतरतो. बाकीच्या तारा होत्या तिथेच राहतात. माझ्या भावाच्या वाद्याला अशा पाच दांड्या होत्या. डाव्या गुडघ्याला तीन. एकीने षड्जाचा कोमल ऋषभ होई, दुसरीने षड्ज खाली उतरून निषादाकडे जाई, आणि गुडघा वर उचलला की तिसरी पंचमाला तीव्र मध्यमावर आणी. उजव्या गुडघ्याला दोन. त्यांतली एक ऋषभाला कोमल गंधारावर चढवी आणि दुसरी निषादाला कोमल करी.

हे सगळे त्याने मला एकदा वाद्याखाली वाकून दाखवले होते. मी मान डोलावली होती. खरे म्हणजे त्या वेळी माझे लक्ष आरतीच्या वेळेकडे होते.

सोमवारी संध्याकाळी त्यांच्या गल्लीतल्या महादेवाच्या देवळात भजन होई. भावजय पदे म्हणे, भाऊ गिटारवर साथ करी, दोघे टाळकरी आणि एक ढोलकीवाला असे. पूर्वी तिथे एक पेटीवाले गृहस्थ बसत. सोळा वर्षांपूर्वी भावजय मोठ्या दुखण्यातून उठली, फुप्फुसाला सूज आली होती, आणि ती पुन्हा देवळात गाऊ लागली तेव्हा भावाने पेटी बंद केली. "माझ्या वाद्यापाशी पेटी नको," एवढेच तो म्हणाला. पेटीवाले रुसले ते पुन्हा आले नाहीत. मी त्या वेळी त्याला नांदेडला बोलावून घेऊन सुनावले होते. देवाच्या दारी अहंकार बरा नव्हे, असे बरेच काही बोललो होतो. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि जाताना मला नमस्कार करून गेला.

भावजयीच्या गाण्याचा मला अभिमान होता. कडव्याच्या शेवटी ती षड्जावर येऊन थांबे, टाळ थांबत, ढोलकी थांबे, आणि तिचा तो एकटा दीर्घ षड्ज गाभाऱ्यात समईच्या ज्योतीसारखा स्थिर उभा राहिलेला मी अनेकदा ऐकला आहे. निदान मला तसे वाटत असे.

तो गेला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात त्याचा डावा पाय ओढला जाऊ लागला. लातूरच्या डॉक्टरांनी नांदेडच्या एका नसांच्या डॉक्टरांकडे पाठवले, म्हणून दोघे नवरा-बायको माझ्याकडे येऊन राहिले. तपासण्या झाल्या. पायांच्या स्नायूंतली शक्ती हळूहळू ओसरत जाणारा तो आजार होता. डावीकडून त्याचा आरंभ झाला होता, उजवीकडे जाणार होता, मग हातांकडे. औषध होते ते केवळ गती मंद करणारे. डॉक्टर तरुण होते. सांगताना त्यांनी दोनदा पाणी प्यायले.

घरी आल्यावर भाऊ माझ्यासमोर सतरंजीवर बसला. भावजय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मेथी निवडीत होती. थोरल्या दिरासमोर तिने कधी मोकळेपणाने बोलायचे नाही, ही आमच्या घरची रीत. पदर सावरून ती ऐकत होती.

"दादा," भाऊ म्हणाला, "डावा गुडघा आता आडवा हलत न्हाई, वर बी उचलत न्हाई. पाऊल पेडलवर टाकता येतं, पण दांडी ढकलता येत न्हाई. म्हणजे तिकडच्या तीन दांड्या गेल्या."

"आणि उजव्याचे काय?"

"उजवा तीन-चार महिने साथ देईल म्हणाले. पण त्याला दोनच दांड्या बसतात. त्या पायाचं पाऊल आवाज कमी-जास्त करायच्या पेडलवर असतं, गुडघा वर उचलता येत न्हाई. एक इकडं, एक तिकडं. पाचातल्या दोन ठेवायच्या हायत."

"मग उजवीकडच्या दोन आहेतच की."

"मला एक बदलायचीय. कोमल गंधाराची काढायची आणि तिथं सा उतरायची दांडी आणायची. मिस्त्री एका दुपारात करून देतील."

त्याच्या हाती उरलेले तीन-चार महिन्यांचे सोमवार, आणि त्या सोमवारांना पुरतील अशा दोन दांड्या. एवढीच त्याची मागणी होती, आणि त्याने ती मला विचारून करावयाचे ठरवले होते. वडील गेल्यापासून आमच्याकडे धाकटा कोणतीही मोठी गोष्ट थोरल्याला विचारल्यावाचून करीत नसे, आणि थोरला एकदा बोलला की त्यावर धाकटा पुन्हा बोलत नसे.

मला मात्र त्यात शास्त्र दिसले. मी त्याला समजावले की सात स्वरांत षड्ज आणि पंचम हे दोन अचल मानले आहेत. बाकीचे पाच कोमल होतात, तीव्र होतात. हे दोघे आपली जागा सोडीत नाहीत. मग महादेवापुढे उरलेले थोडे दिवस वाजवावयाचे असताना अचल षड्जाला खाली ढकलणारी दांडी कशासाठी जपायची?

"वाद्य हाय ते दादा," तो हसून म्हणाला. "सोवळं पाळायला ते काय तुमचं पळी-पंचपात्र हाय का?"

"वाद्याला सोवळे नसेल, वाजवणाऱ्याला तर आहे ना?"

पुढे मला आणखी एक सुचले आणि ते सुचल्याचा मला आनंदही झाला. डाव्या गुडघ्याच्या तिन्ही दांड्या अचल स्वरांना हलवणाऱ्या होत्या, आणि उजव्या गुडघ्याच्या दोन्ही चल स्वरांना. आजाराने नेमक्या पहिल्या तीन नेल्या आणि दुसऱ्या दोन ठेवल्या. मी म्हणालो, "अरे, निवड करणारे आपण कोण? त्यानेच केली आहे. त्याच्या मनात होते तेच राहिले आहे. काही बदलू नकोस."

भावाने एकदा उंबऱ्याकडे पाहिले. भावजय मेथीची पाने खुडत होती. तो काही बोलावयास निघाला असे मला स्पष्ट दिसले. मग तो म्हणाला, "बरं. तुम्ही म्हणाल तसं."

मी समाधानाने उठलो आणि संध्येला बसलो.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर लातूरला गेलो. मिस्त्रींना घरीच बोलावले होते. मिस्त्री मुसलमान, सत्तरीच्या घरातले, हातावर मशिनच्या तेलाचे डाग कायमचे मुरलेले, आणि बोलावयास फटकळ. भाऊ म्हणाला, डावीकडच्या दांड्या राहू द्या, नुसत्या लोंबत राहतील. मी म्हणालो, नको. राहिल्या तर हा सवयीने ढकलणार आणि पायाला इजा करून घेणार. काढूनच टाका.

मिस्त्री वाद्याखाली उताणे झाले होते, तिथूनच म्हणाले, "गुरुजी, एक डाव विचार करा. उजवीकडं सा ची लावून देतो. मेहनत न्हाई काही."

मी त्यांनाही अचल स्वरांचे सांगितले.

"आसं का?" आतून आवाज आला. "मग ह्या पेडलनं पंचमाचा धैवत होतो, तो चालतो काय तुमच्या शास्त्राला?"

हे मला ठाऊक नव्हते. तरी मी लगेच म्हणालो, "तो वर जातो. वर जाणे म्हणजे उन्नती."

"चढलं तर चालतं, उतरलं तर न्हाई चालत. भारी शास्त्र हाय." ते बाहेर आले, हात पुसले आणि भावाकडे बघत राहिले. भाऊ म्हणाला, "मिस्त्री, दादा सांगतात तसं करा."

तीन दांड्या आणि त्यांच्या सळया बिस्किटाच्या एका रिकाम्या डब्यात पडल्या. मिस्त्रींनी डबा काखेत मारला आणि सलामही न करता ते गेले. मला तो उद्धटपणा वाटला.

त्याच सोमवारी मी देवळात होतो. भावाला दोघांनी धरून खुर्चीवर बसवले. पहिले पद सुरेख झाले. दुसऱ्या पदाच्या पहिल्या कडव्याचा शेवट आला, टाळ थांबले, ढोलकी थांबली, भावजय षड्जावर आली. गिटारचा षड्ज आधाराला लागलेला होताच. तिचा स्वर आला, त्याला मिळाला, आणि पाचसहा क्षणांत तो सुटला. केसभर खाली गेला, मग आणखी केसभर. वाद्य जागेवर आणि कंठ खाली, अशा दोन स्वरांमधली ती खरखर दगडी गाभाऱ्यात घुमली. टाळकऱ्याने मान वर केली. पुढे बसलेल्या एका बाईने मागे वळून पाहिले. भावजयीचा स्वर थरथरला, तिने तो ओढून वर आणावयाचा यत्न केला, आणि खोकला आल्याचे निमित्त करून थांबली.

भावाचा उजवा गुडघा त्या वेळी हलताना मी पाहिला. तो एकदा इकडे आणि एकदा तिकडे गेला, आणि दोन्हीकडे त्याला नको असलेल्या दांड्या होत्या.

घरी येताना रिक्षात भावजय कोणालाच उद्देशून न म्हणता म्हणाली, "माझा गळा गेला." पुढच्या सोमवारी ती देवळात गेली नाही. भाऊ एकटाच दोन सोमवार वाजवून आला, मग तोही जाईनासा झाला. मी नांदेडला परतलो होतो. फोनवर विचारले तर तो म्हणे, "तिचं वय झालं दादा. चालायचंच."

दीड महिन्याने मी पुन्हा लातूरला गेलो. भावाने तारांचा एक जुडगा मिस्त्रींकडे मागवला होता, तो घेऊन यावा म्हणून एसटीतून उतरून मी आधी गंजगोलाईजवळच्या त्यांच्या दुकानात गेलो. त्यांनी तारा माझ्या हातात दिल्या आणि विचारले, "बाई गातात का आता?"

"नाही," मी म्हणालो. "आवाज बसला त्यांचा."

"आवाज आज बसला का?" मिस्त्री उभे राहिले. "गुरुजी, सोळा साल झाले त्या आवाजाला बसून! निमोनियातून उठल्या तवाच दम गेला त्यांचा. लांब सूर धरला का खाली येतो. तुमच्या भावानं माझ्याकडं येऊन ती दांडी बनवून घेतली. म्हणला, मिस्त्री, हिची स्प्रिंग लई मऊ पाहिजे, केसभर ढकलली तर केसभरच उतरली पाहिजे. बाई खाली यायला लागल्या का ह्यो गुडघ्यानं सा खाली आणायचा. त्यांच्या संगं. लोकांना वाटायचं दोघं बी जाग्यावर हायत."

मी म्हणालो, "पण मग तो पोलादाचा तुकडाच थोडा मागे का सरकवीत नसे?"

"त्यानं सगळ्याच तारा खाली येतात. पंचमाची तार संगं वाजत असते, लोकांच्या कानात ती बसलेली असते, त्यांना कळंल ना. नुसता सा खाली गेला पाहिजे, गुपचूप. म्हणून तर पेटी काढली त्यानं. पेटीचा सा कोण हलवणार?" मग ते स्टुलावर बसले आणि आवाज उतरवून म्हणाले, "तुम्ही शास्त्र पाह्यलं गुरुजी. कान न्हाई लावला. मी बी बोललो असतो त्या दिवशी, पण बाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या."

हातात तारांचा जुडगा घेऊन मी रस्त्यावर आलो. ज्या षड्जाला मी वर्षानुवर्षे स्थिर म्हणत आलो तो कधी स्थिर नव्हताच. दोघे मिळून खाली जात होते आणि माझ्या पाठशाळेत तयार झालेल्या कानाला त्याचा पत्ता लागला नव्हता.

घरी भाऊ एकटाच होता. भावजय गिरणीत दळण आणावयास गेली होती. मी त्याच्यापुढे बसलो. आमच्या वयाच्या भावांमध्ये क्षमा मागण्याची पद्धत नाही. शेवटी एवढेच विचारले, "मला सांगितले का नाहीस?"

"ती उंबऱ्यात बसली होती दादा. तिच्यासमोर कसं सांगू, का हिचा सा उतरतो म्हणून?"

"नंतर सांगायचे होतेस."

"नंतर तुम्ही ठरवून टाकलं होतं." तो रागाने बोलला नाही. रागाने बोलला असता तर मला सोपे झाले असते. मग म्हणाला, "तिला अजून ठाऊक न्हाई. तिला सांगू नका."

जन्मात प्रथमच मी त्याला म्हणालो, "तू म्हणशील तसे."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री तो बिस्किटाचा डबा घेऊन आले. त्यातले काहीही त्यांनी टाकले नव्हते. कोमल गंधाराची दांडी निघाली आणि तिच्या जागी षड्ज उतरवणारी बसली. भाऊ खुर्चीत सरसावून बसला. त्याने गुडघा दांडीला टेकवला. मांडी थरथरली, पण दांडी हलली नाही. मिस्त्रींनी स्प्रिंग आणखी सैल केली. त्याने दोन्ही हातांनी आपलीच मांडी धरून ढकलून पाहिली. अशी दांडी हलली तरी हात तारांवर कसे राहणार? मिस्त्रींनी तोंड फिरवले आणि बराच वेळ पान्हा फडक्याने पुसत राहिले. दीड महिनाच मध्ये गेला होता; आजार डॉक्टरांच्या अंदाजाहून वेगाने आला होता. तो दीड महिना त्याच्या गुडघ्यापाशी होता तेव्हा माझ्या सांगण्यावरून ती दांडी डब्यात पडली होती.

त्या सोमवारी भावाने बायकोला म्हटले, "देवळात नको. घरीच एक पद म्हण. दादा आलेत." ती नको नको म्हणत होती, पण त्याचे तोंड पाहून बसली. मी वाद्याच्या उजव्या अंगाला जमिनीवर मांडी घातली आणि हात दांडीवर ठेवला. थोरल्या दिराने आपल्या पायांशी असे खाली बसावे हे तिला कसेसेच वाटले असावे. तिने पदर ओढून घेतला आणि गावयास आरंभ केला.

कडव्याचा शेवट आला. तिचा षड्ज लागला, आणि सुटला. मी दांडी ढकलली. फार ढकलली. वाद्याचा षड्ज तिच्या खाली घसरला, मी घाबरून सोडली, तो वर उडाला. ती थांबली. वाकून मेजाखाली पाहिले.

"हे काय करून राहिलात तुम्ही दोघं?"

भाऊ हसला. पुष्कळ दिवसांनी हसला. "चोरी," तो म्हणाला. "सोळा वर्षं करतोय. आज दादांनी पकडून दिलं." आणि त्यानेच तिला सारे सांगितले.

ती ऐकत राहिली. मग पदर कपाळावरून मागे गेला तरी तिला भान नव्हते. "अहो! एवढी वर्षं! आणि मी त्या समोरच्या बाईला सांगत फिरले, का माझा सा हलत न्हाई म्हणून! तिला बी ठाऊक असंल. सगळ्या गल्लीला ठाऊक असंल, मीच तेवढी येडी." मग ती रडली. मग मला म्हणाली, आणि थेट माझ्याकडे पाहून ती बोलली तो हा पहिलाच प्रसंग, "भावजी, काढा तो हात. मला माझंच म्हणू द्या."

मी हात काढला. तिने ते कडवे पुन्हा म्हटले. षड्ज खाली गेला, आणि ती त्याला धरून तिथेच राहिली. वाद्याशी तो जुळत नव्हता. भाऊ डोळे मिटून ऐकत होता, आणि दर वेळी तो खाली जाऊ लागला की त्याचा निकामी गुडघा कापडाखाली किंचित थरथरत होता.

दोन सोमवार असे झाले. तिसऱ्या सोमवारी मी नांदेडहून आलो तेव्हा तीच म्हणाली, "भावजी, बसा तिथं खाली. माझं काही न्हाई, त्यांच्याच्यानं ऐकवत न्हाई."

म्हणून मी बसलो. पुढे पाच सोमवार बसलो. भाऊ मला शिकवीत होता. "उशीर झाला दादा. तो खाली गेल्यावर ढकलून काय उपयोग? जायच्या आधी ढकला."

"आधी कसे कळणार?"

"ती श्वास घेते ना, तिथंच कळतं. किती पुरणार ते."

मी तिच्या श्वासाकडे लक्ष देऊन बसे. आयुष्यभर प्राणायाम केलेला माणूस मी. दुसऱ्याचा श्वास कधी मोजून पाहिला नव्हता. मला ते साधले नाही. एकदाच, चौथ्या सोमवारी, कसे कोण जाणे, दांडी वेळेवर गेली आणि तिचा स्वर व तारेचा स्वर शेवटपर्यंत एकच राहिले. भाऊ म्हणाला, "हाव. अस्सं." पुन्हा तसे झाले नाही.

सहाव्या सोमवारी त्याच्या उजव्या हाताची बोटे तारा धरीनाशी झाली. माघात तो गेला. शेवटचे आठ दिवस त्याला बोलता येत नव्हते. भावजय त्याच्या उशाशी बसून पदे म्हणे आणि षड्जाला येण्याआधीच थांबे.

परवा श्राद्धानंतर मी तिला म्हणालो, एखादे पद म्हण. पितरांनाही ऐकू जाते असे मी मानतो. ती म्हणाली, "आता न्हाई भावजी. खाली गेला तर खालीच राहील." मी पुढे आग्रह केला नाही. ती आत गेली आणि पितळेची भांडी घासावयास बसली. मी दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने नांदेडला आलो आणि आज सायंसंध्या झाल्यावर हे लिहावयास घेतले.

वाचकहो, तो महादेव तुमच्या घरावर कृपा करो. तुमच्या घरी जो कोणी गातो त्याचा श्वास पुरो, आणि ज्या दिवशी तो पुरणार नाही त्या दिवशी त्याच्याजवळ कोणी बसलेले असो. तुमच्या धाकट्यांना तुमच्यासमोर बोलण्याचे धैर्य मिळो आणि थोरल्यांना, उत्तर देण्याआधी, आणखी एक क्षण थांबण्याची बुद्धी मिळो. तुमच्या मुलाबाळांसह तुम्हा सर्वांचे कल्याण असो.